पायाखालची स्वदेशी

कोलकात्याच्या बालीगंज भागात जुनी दुमजली घरे अजून दिसतात. हिरव्या झडपांच्या खिडक्या, अर्धगोल सज्जा आणि आत पाऊल टाकताच काळ्या पट्टीने रेखलेली लालभडक, गुळगुळीत जमीन. भर दुपारीही तळव्यांना गारवा देणारी! अशी घरे पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहतात, तेव्हा दारे-खिडक्या, कड्या-कोयंडे भंगारवाला उचलून नेतो. जमीन मात्र कुणालाच नेता येत नाही. तिचा चुरा होतो.

बालीगंजमध्ये ही घरे उठत होती त्याच काळात मुंबईतील घरांत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या बसत होत्या. या लाद्यांमागे एका पारशी कुटुंबाची कहाणी आहे, आणि तिचा एक धागा कोलकात्याशीच जुळतो.

7 ऑगस्ट 1905 रोजी वंगभंगाविरुद्ध कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरली आणि विदेशी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली. लोकमान्यांनी ती महाराष्ट्रात घरोघर पोचवली. कापड, साखर, काचेच्या बांगड्या यांचा विचार सर्वांनी केला. पण पायाखालच्या लादीचा? श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील लादी तेव्हा युरोपातून बोटीने येत असे.

पेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तुम सिधवा यांनी तो विचार केला. देशासाठी काही करावे ही दोघांची तळमळ होती. कराचीचे समाजसेवक जमशेद नसरवानजी मेहता, जे पुढे 1933 मध्ये त्या शहराचे पहिले महापौर झाले, त्यांनी सल्ला दिला की राजकीय स्वातंत्र्याइतकीच देशाला आर्थिक स्वातंत्र्याची गरज आहे. 1922 मध्ये काका-पुतण्यांनी ‘भारत टाईल्स’ सुरू केली. कारखाना उभा राहिला मुंबई बंदराच्या पलीकडे, उरणला. नावातच ‘भारत’ होता, तेव्हा माल विलायतेपेक्षा उणा असून चालणार नव्हते.

ही लादी भट्टीत भाजत नाहीत. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवायची. तिच्या एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग यांचे पातळ मिश्रण पळीने ओतायचे. मग जाळी अलगद उचलायची. हात जरा थरथरला की रंगात रंग मिसळलाच! त्यावर कोरड्या सिमेंट-वाळूचा थर, मग जाड भर, आणि शेवटी दाबयंत्राचा दाब. नंतर लादी पाण्यात मुरवायची आणि सावकाश वाळू द्यायची. रंग वरवर फासलेला नसून काही मिलिमीटर खोल असतो, म्हणूनच तीन पिढ्या चालल्या तरी नक्षी पुसत नाही.

1930 आणि 40 च्या दशकांत मुंबईत आर्ट डेको धाटणीच्या इमारती भराभर उठल्या आणि या लाद्यांना मोठी मागणी आली. पण दिवस पालटले. आधी मोझॅकची फरशी आली, पुढे चकचकीत सिरॅमिक आणि मग व्हिट्रिफाइड. गुजरातेतील मोरबीच्या भट्ट्यांतून एकसारख्या टाईल्सचे ढीग बाहेर पडू लागले. हाताने रंग ओतणाऱ्या कारागिराने त्या वेगाशी कशी बरोबरी करावी? नक्षीची लादी जुनाट ठरली. साचे कोपऱ्यात गेले.

कुटुंबाचा धंदा अशा वेळी दोनच वाटांनी जातो. जागा विकून मोकळे व्हायचे, किंवा आपल्याजवळ दुसऱ्याकडे नसलेले काय आहे ते शोधायचे. रुस्तुम यांची कन्या दिलनवाझ व्हरियावा यांचे नाव केरळच्या सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्याच्या चळवळीत घेतले जाते. जंगल राखू पाहणाऱ्या घराने आपला वारसाही राखला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्या नक्ष्या पुन्हा काढल्या गेल्या आणि कारागिरांचे हात पुन्हा साच्यावर आले.

त्या वेळी जुन्या वास्तू जतन करण्याची जाणीवही देशात वाढत होती. तुटलेल्या एका लादीच्या जागी तशीच दुसरी हवी असणाऱ्यांना दार ठोठावायला एक ठिकाण मिळाले. 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. 2022 मध्ये कंपनीने शंभरी गाठली.

बालीगंजच्या लाल जमिनीचे नशीब एवढे बलवत्तर नाही. ती जागच्या जागीच घोटून केलेली असते. तिचा साचा नसतो की सुटा तुकडा मिळत नाही. ती घोटणारा गवंडी गेला की विद्याही गेली. लादी वाचली, कारण साचे कुणीतरी भंगारात घातले नाहीत.

आपल्या आजोळी अशी नक्षीची लादी असेल, तर घर पाडायला काढण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे. स्वदेशीचा एक तुकडा कदाचित आपल्याच पायाखाली असेल.