दान नव्हे, देणे

दुष्काळ निधी, देवस्थानाची वर्गणी, शाळेच्या इमारतीचा फंड. शिरूर-दौंडच्या बाजारपेठांना पावतीपुस्तके नवीन नाहीत. पैसा गोळा होतो. त्याचे वाटप कोणी, कोणत्या कसोटीवर केले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या समाजाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला, तो ज्यू समाज पुणे जिल्ह्याला अपरिचित नाही.

हिब्रूत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. या शब्दाचे मूळ न्यायवाचक आहे. दाता उपकार करीत नाही, तो देणे फेडतो, अशी ही धारणा. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात तिला व्यवहाराचे रूप मिळाले. निधी दोघांनी गोळा करावा, वाटप मात्र तिघांनी करावे, असा त्यातील दंडक आहे. वसुली हा अधिकार आहे, म्हणून तो एकट्याच्या हाती नसावा. आणि वाटप हा निवाडा आहे, म्हणून त्याला न्यायासनाप्रमाणे तिघे हवेत. पात्रतेची कसोटीही स्पष्ट आहे. दोन वेळचे अन्न घरी असणाऱ्याने रोजच्या अन्नवाटपातून घेऊ नये. चौदा वेळचे असणाऱ्याने आठवड्याच्या निधीतून घेऊ नये. बाराव्या शतकातील मायमोनिडीज या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन गरजूला स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही त्यांतील सर्वांत वरची.

महाराष्ट्रात ही परंपरा दोन वाटांनी आली. बगदादहून १८३२मध्ये मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पेढीत प्रत्येक व्यवहारावर पाव टक्का रक्कम धर्मादाय खाती जमा होत असे. त्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही विसरता येत नाही. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून रुग्णालय ही त्या दातृत्वाची स्मारके होत. शिरूर-दौंडचा गरीब रुग्ण आजही ज्या ससूनची वाट धरतो, त्याचे दार त्याला जात वा धर्म विचारीत नाही.

दुसरी वाट बेने इस्रायलांची. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ पुढे पलटणीत, रेल्वेत व कचेऱ्यांत नोकरीस लागले. मराठी ही त्यांची मातृभाषा. त्यांच्यात ससून नव्हते. होता तो पगारदार मध्यमवर्ग. नवसाच्या देणग्या आणि सिनेगॉगमधील धार्मिक मानासाठी लागणारी बोली यांवर त्यांच्या संस्था चालत आल्या. रास्ता पेठेतील सिनेगॉग १९२१चे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये मुंबईत निघालेली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तिच्यात बहुसंख्य मुले ज्यूेतर समाजांतील आहेत.

१९४८नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. २०११च्या जनगणनेत भारतभरातील ज्यूंची संख्या जेमतेम साडेचार हजार भरली. दाते पांगले, तरी संस्था उरल्या, कारण त्या एका व्यक्तीच्या मर्जीवर नव्हे, तर नियमांवर उभ्या होत्या.

महाराष्ट्रात १९५०पासून सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना २००६मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झाली. परंतु हक्काची खाट मागण्यासाठीही गरिबाला चिठ्ठी आणि ओळख शोधावी लागत असेल, तर कायदा असूनही दान हे दानच राहते. त्याचे देणे होत नाही.

तालुक्याच्या गावातील मंडळांना हा धडा अंगीकारणे अवघड नाही. पैसे घेणारे आणि वाटणारे हात वेगळे असावेत, पात्रतेची कसोटी आधी जाहीर व्हावी, हिशेब फलकावर लागावा. यासाठी ना ससूनची संपत्ती लागते, ना नवा कायदा. लागतो तो वर्गणी देणाऱ्या शिक्षक-कारकुनांचा आग्रह. पावती घेणाऱ्याला हिशेब विचारण्याचाही अधिकार असतो.