राज्य घेणाराच लपलेला!

मुलांनो, लपंडावात ज्याच्यावर राज्य, त्यालाच स्वतःला शोधायला सांगितलं तर? हसू नका! अमेरिकेत खरंच असं घडलं.

एफबीआय ही तिथली तपाससंस्था. परक्या देशांचे हेर पकडणं हे तिचं एक काम. त्याच विभागातला रॉबर्ट हॅन्सन हा अधिकारी १९७९पासून अधूनमधून सोव्हिएत संघाला आणि पुढे रशियाला गुपितं विकत होता. आपल्यात कुणी फितूर आहे का, हे पाहण्याचं काम वरिष्ठांनी १९८०च्या दशकात सोपवलं ते त्यालाच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

गुपितं फुटतच राहिली. संशय गेला तो सीआयएच्या ब्रायन केली यांच्यावर. ते निर्दोष होते. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं, की दोरीचाही साप होतो. त्यांच्या घरात एक नकाशा सापडला. तो होता त्यांच्या धावण्याच्या व्यायामाच्या वाटेचा. तपास करणाऱ्यांना मात्र त्यात गुपितं ठेवण्याच्या जागा दिसल्या! खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीत ते खरे ठरले, तर म्हणे, 'बघा, किती तयारीचा हेर!' १९९९मध्ये त्यांची उलटतपासणी झाली, मुलाबाळांनाही प्रश्न विचारले गेले. दीड वर्षाहून जास्त काळ ते सक्तीनं घरी बसले.

शेवटी २०००मध्ये एफबीआयनं एका माजी रशियन हेराकडून सुमारे ७० लाख डॉलर मोजून एक फाईल मिळवली. तिच्यात फितुराच्या आवाजाची टेप होती. ऐकली, तर आवाज केलींचा नव्हताच! तो हॅन्सनचा असल्याचं सहकाऱ्यांनी ओळखलं. सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीवर त्याच्याच बोटांचे ठसे निघाले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी व्हर्जिनियातल्या एका बागेत, पुलाखाली गुप्त कागदांचं पुडकं ठेवून येताना तो पकडला गेला. त्याला जन्मठेप झाली आणि २०२३मध्ये तुरुंगातच तो वारला.

केली कामावर परतले. एफबीआयनं त्यांची माफी मागितली. पण गेलेले दिवस कोण परत देणार?

वर्गात कुणाचं पेन हरवलं, की आपणही लगेच एखाद्याकडे बोट दाखवतो ना? मग त्याचं गप्प बसणंही चोरी वाटतं आणि रडणंही! अशा वेळी स्वतःलाच विचारा : मी पुरावा शोधतोय, की माझा संशय खरा ठरवतोय?