दिंडोशीच्या डोंगरातील आमरी आणि कारवी

दिंडोशीची वस्ती पूर्वेस जेथे संपते, तेथे डोंगर चढू लागतो आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे अरण्य पसरले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर येथील जुन्या वृक्षांवर सीतेची वेणी नावाची आमरी, म्हणजेच ऑर्किड, फुलते. जांभळट-पांढऱ्या फुलांचा तिचा लोंबता तुरा खरोखर वेणीसारखाच दिसतो. झाडावर वाढते म्हणून तिला पुष्कळजण बांडगूळ समजतात; ही समजूत चुकीची आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी केवळ आधार घेते. तिच्या मुळांवरील सच्छिद्र आवरण पावसाचे व हवेतील पाणी टिपते. तिचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नसाठा नसतो; विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणूनच हौसेने खरवडून नेलेल्या रोपाची जागा सहजी भरून निघत नाही.

श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलतो. गौरीच्या सणामुळे तो घरोघरी परिचित आहेच.

कारवीची गोष्ट मात्र निराळी. आठ वर्षांतून एकदाच ती फुलते, बी धरते आणि वाळून जाते. येथे ती २०१६ व २०२४ मध्ये फुलली. तिच्या काठ्यांचे कूड आदिवासी बांधव मातीने लिंपून भिंती उभारतात. बी पडण्यापूर्वीच फुलोरा ओरबाडला अथवा वणवा लागला, तर आठ वर्षांची प्रतीक्षा वाया जाते. राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती तोडण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. कारवीचा पुढील बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे.