अखेरच्या रात्री रुग्णालय कशासाठी?



गंगाखेड तालुक्यातील एखाद्या घरी कर्करोगाचा रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, अशी कल्पना करा. मोठ्या रुग्णालयाने ‘आता घरीच न्या’ म्हणून सांगितले आहे. रुग्णालाही घरच हवे आहे. परंतु एका रात्री त्याला धाप लागते. घरचे घाबरतात, १०८ क्रमांकाची गाडी बोलावतात. गंगाखेडहून परभणी, परभणीहून छत्रपती संभाजीनगर. हा दुसरा टप्पाच सुमारे २०० किलोमीटरांचा. ज्याला आपल्या माणसांत डोळे मिटायचे होते, त्याचे डोळे वाटेतच मिटतात. हे का घडते आणि कितपत टाळता येते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

रोग हटत नाही म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. वेदना हटविण्याचे उपचार अखेरच्या श्वासापर्यंत चालतात. त्यांनाच उपशामक शुश्रूषा म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्यास शांती आवेदना सदन निघाले, तर १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र सुरू झाले. हीच शुश्रूषा घरी पोहोचली तर घरीच मरण येण्याचा संभव ठळकपणे वाढतो, असे २०१३ साली कॉक्रेन मंडळाने २३ अभ्यास तपासून सांगितले. तरीही अनेकांना अखेरीस रुग्णालय गाठावे लागते.

त्याची कारणे साधी आहेत. पहिले कारण वेदना. तोंडाने, ठराविक तासांनी मॉर्फीन द्यावे, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच घालून दिली. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा सुधारून ते मिळण्याची वाटही सोपी केली. पण घरातले औषध रात्री संपले, की रुग्णालयावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरे कारण भय. शेवटच्या दिवसांत घशात घरघर होते, श्वास थांबून थांबून चालतो. हे आधी सांगितलेले नसले, की घरच्यांना तो अपघात वाटतो. तिसरे कारण अन्नपाणी. ‘उपाशी कसे मरू द्यायचे?’ म्हणून सलाईनचा आग्रह होतो. वस्तुतः त्या अवस्थेत शरीरच अन्न मागत नाही. बळेच भरविलेला घास श्वासनलिकेत जातो. ओठ ओले ठेवणे हीच तेव्हाची सेवा. चौथे कारण थकवा. महिनोन्‌महिने जागणारी सून किंवा पत्नी एक दिवस खचते, आणि भाऊबंद विचारतात, ‘दवाखान्यात का नेले नाही?’

म्हणून रुग्णालय नकोच, असे मी म्हणत नाही. पायांतील शक्ती एकाएकी गेली, लघवी तुंबली, हाड मोडले किंवा वेदना औषधाला दाद देईनात, तर अवश्य न्यावे. तेथे नेण्यात पराभव नाही. ‘काहीतरी केले पाहिजे’ एवढ्याचसाठी नेणे मात्र टाळावे.

याकरिता चार गोष्टी रुग्ण बोलता आहे तोवरच ठरवाव्यात: त्याची इच्छा काय; रात्री फोन कोणाला करायचा; कोणते औषध घरात ठेवायचे व ते कोण देणार; आणि न्यायचेच झाले तर कोठे. पुष्कळदा जवळचे रुग्णालय पुरते. दूरचा प्रवास व्यर्थ ठरतो. कृत्रिम उपायांनी प्राण लांबवू नयेत, अशी इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ साली त्याची रीतही सुलभ झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकना पुरते.

मरणाची गोष्ट काढणे आपण अशुभ मानतो. परंतु लग्नाची तयारी आपण महिनाभर आधी करतो आणि मरणाची तयारी त्या रात्रीवर सोपवितो. त्या रात्री शहाणपण सुचत नाही. आधी ठरविलेलेच तेवढे हाती राहते. आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांपाशी बसून हा विषय एकदा काढा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.