तुम्ही कुठले?

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलाखत देऊन आली ती रडवेली होऊनच. 'आय ॲम कमिंग फ्रॉम खानापूर' असं तिनं सांगितलं, तर समोरच्या साहेबांनी विचारलं, 'मग परतीची गाडी किती वाजता?' सगळे हसले आणि पुढची उत्तरं तिला सुचेनात. चूक तिची कमी, माझी जास्त. तीन वर्षं इंग्रजी मीच शिकवलं.

आपल्या घरच्या दोन्ही भाषांत गाव सांगायला 'येणं' लागत नाही. मराठीत 'मी खानापूरची', कन्नडमध्ये 'नम्मदु खानापुर'. 'आले' म्हटलं की प्रवास आलाच. इंग्रजीत मात्र मूळ गावही 'कम फ्रॉम'नेच सांगतात, फक्त साध्या वर्तमानकाळात. 'आय कम फ्रॉम खानापूर' म्हणजे मी खानापूरची. 'आय ॲम कमिंग' म्हटलं की आत्ता तिथून निघालेली.

भारदस्त वाटतं म्हणून आमची मुलं बायोडेटात 'हेल फ्रॉम' लिहितात. तो मुळात जहाजांचा शब्द. समुद्रात एका जहाजानं दुसऱ्याला हाळी देऊन बंदर विचारायचं, ती ही 'हेल'. (गारांनाही हेलच म्हणतात; त्यांचा इथे संबंध नाही.) वापरा खुशाल, पण 'आय ॲम हेलिंग' नको. तीच चूक, जरा मोठ्या आवाजात!

तिची दुसरी मुलाखत सोमवारी आहे. काल दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, 'सर, आय कम फ्रॉम खानापूर.' आतून आमच्या हिनं, माहेर धारवाडचं, विचारलं, 'यारु बंदरु?' कोण आलं?