पोट लहान झाले; पुढे काय?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. पोटातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला, ते रोगी पुढे बारीकच राहतात, या निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन या शल्यचिकित्सकाने १९६६ च्या सुमारास तिचा पाया घातला. आपल्या महाराष्ट्रात नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली आणि त्याविषयी ते उघडपणे बोलले. त्यामुळे 'ही श्रीमंतांची हौस' हा समजही पुष्कळसा ओसरला. आज सातपूरच्या कामगार वसाहतीतही अशी शस्त्रक्रिया झालेली माणसे आढळतात. आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाविषयी.

पहिले वर्ष सोपे असते असे नाही, परंतु त्या वर्षी शरीरच साथ देते. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून त्याची केळ्यासारखी नळी करतात; भूक चाळवणारा घ्रेलिन नावाचा स्राव मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात जठराची जेमतेम अर्ध्या वाटीहूनही लहान अशी पिशवी ठेवून अन्न आतड्याच्या पुढच्या भागात वळवतात. वजन भराभर उतरते, कपडे सैल होतात, शेजारीपाजारी कौतुक करतात. दीड-दोन वर्षांनी उतार थांबतो, भूक पुन्हा जागी होते आणि काटा हळूच वर सरकू लागतो. थोडे वजन परतणे हे अपेक्षितच आहे. परंतु माणूस घाबरतो, शरमतो, आणि शरमेने डॉक्टरकडे जाण्याचे टाळतो. आमच्या मते घात होतो तो इथे. काट्यापेक्षा ही शरम अधिक नडते.

चूक बहुधा ताटात नसते. लहान पोटात दीड भाकरी मावत नाही, हे खरेच. पण चहा, बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम हे पदार्थ तिथे थांबतच नाहीत; विरघळून खाली सरकतात आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. रात्रपाळीचा कामगार घ्या. झोप उडवायला टपरीवर पाच कप चहा झाला, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. घरी येऊन तो अर्धी पोळी खातो आणि 'मी तर काहीच खात नाही' म्हणतो. तो खोटे बोलत नाही. त्याने मोजले ते फक्त ताटातले.

मग मार्गावर परतायचे कसे? काही जण चार दिवस नुसत्या पेयांवर राहून 'पोट पुन्हा आवळून' घेण्याचा सल्ला देतात. त्याने जठर आवळत नाही; उतरते ते मुख्यतः पाणी, आणि पाचव्या दिवशी भूक दुप्पट होऊन येते. त्यापेक्षा प्रथिनांपासून सुरुवात करावी. सामान्यतः दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे हे गणित सहज जमणारे नाही, दिवसभरात वाटून घेतले तरच जमते. ताटात आधी उसळ, अंडे, मासा किंवा पनीर खावे, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. नाशिककराला मिसळ सोडा म्हणणे आम्हाला धाडसाचे वाटते, आणि तशी गरजही नाही. मटकीची उसळ तर हवीच आहे. तर्री, फरसाण आणि पाव यांनाच रजा द्यावी.

घास चांगला चावावा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही मात्र फसवी गोष्ट आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. उपास मोडवत नसेल तर दूध, दही, शेंगदाणे यांवर भागवावे. लग्नाच्या पंगतीतील जिलबीचा आग्रह तर काही वेळा तिथल्या तिथे भोवतो: विशेषतः वळण दिलेल्या आतड्यात साखर एकदम उतरली की घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. यजमानाने हे जाणून आग्रह आवरता घ्यावा. आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यात हेही सांगितले पाहिजे की या शस्त्रक्रियेनंतर मद्य फार लवकर चढते. पूर्वीच्या मापावर विसंबणे धोक्याचे.

गोळ्यांचा प्रश्न याहून गंभीर. लोह, कॅल्शियम, ब१२ आणि ड ही जीवनसत्त्वे यांची तूट वर्षानुवर्षे मुकाट्याने साठत जाते. वजन परतले म्हणून पोषण पुरेसे आहे असे होत नाही. जाड माणूसही रक्तक्षयी असू शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे आणि गोळ्या आयुष्यभर, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, चालू ठेवाव्यात. दिवसामागून दिवस उलट्या होत असतील तर 'जास्त खाल्ले असेल' म्हणून वाट पाहू नये. ब१ च्या अभावाने काही आठवड्यांतच मज्जातंतूंना आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, डोळ्यांना दोन-दोन दिसणे, पायांना मुंग्या येणे, यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रिया झाल्याचे आरंभीच सांगावे.