भाव मिळून ठरवला असता तर?

परवा गटसभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "करोनात सगळ्या कारखान्यांनी मिळून सॅनिटायझरचा एकच भाव धरला असता, तर बिघडलं काय असतं? आपण सहकारीच की!"

प्रश्न रास्त आहे. २०२० साली अनेक कारखान्यांनी डिस्टिलरीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर केले. मार्चमध्ये केंद्र सरकारने २०० मि.लि. बाटलीला जास्तीत जास्त १०० रुपये भाव बांधून दिला. त्याखाली काय लावायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे. १९ एप्रिलला भारतीय स्पर्धा आयोगाने कळवले, की साठ्याची माहिती, वाहतूक, वितरण यांत गरजेपुरते एकत्र या. संकटाचा फायदा उठवाल तर गय नाही. थोडक्यात, टँकर वाटून घ्या, भाव नको.

सहकारी संस्थाही या कायद्यात येते. भावाचे संगनमत सिद्ध झाले, तर दर वर्षामागे नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, जास्त असेल तिथपर्यंत दंड. तो काही चेअरमनसाहेबांच्या खिशातून जात नाही, आपल्या उसाच्या बिलावरच येतो.

ज्येष्ठांना हे पटले. "पण टँकर तरी तेव्हा वाटून घेतले का?" असे त्यांनी विचारलेच. त्यावर आम्ही गप्प बसलो.